भाडेकरूने सोसायटीकडे फायरचे कागद मागायचे कसे, आणि मिळाले तर वाचायचे कसे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घोडबंदर रोडला वाघबीळच्या पुढे २२ मजली टॉवरमध्ये १४व्या मजल्यावर तुम्ही ११ महिन्यांच्या करारावर राहता. घरात आई आहेत, त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरणं जमत नाही. २०२५च्या दिवाळीत वाशीच्या सेक्टर १४ मध्ये दहाव्या मजल्यावरची आग बाराव्यापर्यंत चढली आणि चार जण गेले, त्याच दिवशी कामोठ्यात मायलेकी गेल्या. तेव्हापासून आईंना रात्री धड झोप नाही. म्हणून तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात जाऊन फायर ऑडिटचे कागद मागितलेत. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही मेंबर नाही, मालकाला पाठवा." मालक बडोद्याला. ते म्हणतात, "ते सोसायटीचं काम, मला काय विचारता?" तर आता भाडेकरूला हे कागद पाहायचा हक्क आहे का, आणि कोणीच दाद देत नसेल तर काय करायचं?

आधी माझं काम सांगते, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या फायर सिस्टिमची देखभाल आणि तपासणी करणाऱ्या परवानाधारक एजन्सीत मी काम करते. तुम्ही जो कागद मागताय, तो आमच्यासारखीच माणसं सही-शिक्का मारून देतात. त्यामुळे तो कसा मिळवायचा यासोबत त्यावर किती विसंबायचं हेही सांगता येईल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. कागद पाहायला मिळेल का, हा एक. आग लागली तर आईंना घेऊन सुखरूप बाहेर पडता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. तरी सुरुवात पहिल्यापासून करू, कारण सेक्रेटरींनी तुम्हाला अर्धंच सांगितलंय.

आपल्याकडे यासाठी "महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६" आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा कायम चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे जागा वापरणाऱ्याची, असते, आणि ती तशी आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. यालाच सगळे "फॉर्म बी" म्हणतात. ऑफिसात जाऊन "फायर ऑडिट" म्हटलंत तर कोणी काहीही पुढे करेल, अगदी आग विझवायच्या सिलिंडरच्या रिफिलचं बिलसुद्धा. "या जानेवारीचा किंवा जुलैचा फॉर्म बी" असं म्हणा. समोरच्याला कळतं की या माणसाला माहिती आहे.

आता "तुम्ही मेंबर नाही" या उत्तराबद्दल. सहकार कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. सोसायटीची दप्तरं पाहायचा, प्रती मागायचा हक्क सभासदाचा, आणि सभासद तुमचा मालक. पण आगीच्या कायद्यात भोगवटादाराची व्याख्या रुंद आहे. मालकाला भाडं देणारा त्यात येतो, आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणाराही येतो. म्हणजे या कायद्यापुरते तुम्ही परके नाही. मात्र याचं दुसरं टोकही लक्षात असू द्या: भोगवटादार म्हणून जबाबदारीही येते. तुमच्या दाराबाहेर चपलांचं कपाट आणि सायकल असेल, तर सोसायटीशी भांडण्याआधी ती आत घ्या.

"भाडेकरूने मागितलं की फॉर्म बी दाखवलाच पाहिजे" असं मात्र हा कायदा सरळ म्हणत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ला ७२ माणसं गेल्यावर इंग्लंडने २०२२ मध्ये नियम केले, ते जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. आग लागली तर काय करायचं आणि इमारतीतल्या फायर डोअरचं महत्त्व काय, ही माहिती तिथे रहिवाशांना द्यावीच लागते, रहिवासी भाड्याने राहतो की स्वतःच्या घरात याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे इतकी सोपी वाट नाही, त्यामुळे थोडा वळसा घ्यावा लागतो.

वळसा मालकाच्या सहीतून जातो. बहुतेक भाडेकरू मालकाला विचारतात, "बिल्डिंग सेफ आहे ना?" त्यावर मालक "हो हो" म्हणणार, त्याला तरी काय ठाऊक! त्याला माहिती विचारूच नका, त्याच्याकडून पत्र मागा. सभासदाने सोसायटीला ईमेल केला की सेक्रेटरींचा मेंबर-बिगरमेंबर हा मुद्दाच संपतो. मजकूर तुम्हीच लिहून द्या, त्याला फक्त पुढे पाठवायचा राहू द्या (त्यातली फायर एनओसी म्हणजे इमारतीला अग्निशमन विभागाने दिलेलं ना-हरकत प्रमाणपत्र):

"मी फ्लॅट क्रमांक अमुकचा सभासद आहे. आपल्या इमारतीची अंतिम फायर एनओसी, शेवटचे दोन फॉर्म बी आणि अग्निशमन विभागाकडून आलेली एखादी नोटीस असल्यास तिची प्रत मला हवी आहे. माझ्या घरात राहणारे श्री. अमुक यांना माझ्या वतीने ही कागदपत्रं पाहू द्यावीत व प्रती द्याव्यात. प्रतींचं शुल्क ते भरतील."

मालक बडोद्यात असो की दुबईत, दोन मिनिटांचं काम आहे. आणि यात त्याचाही स्वार्थ आहे, तो त्याला कळू द्या: फ्लॅट त्याच्या मालकीचा, उद्या काही झालं तर पंचनाम्यात नाव त्याचं, विम्याचा दावाही तोच करणार.

सोसायटीच्या ऑफिसात कोणाकडे जायचं याचाही विचार करा. सेक्रेटरी बहुधा नोकरीधंदा सांभाळून फुकटात राबणारा माणूस असतो. संध्याकाळी आठला कोणी "कायद्याने मला..." असं सुरू केलं की तो अंगावर येतो. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पगारी मॅनेजर असतो, फाइल त्याच्याच कपाटात असते. दुपारी जा, मालकाचा ईमेल दाखवा, "झेरॉक्स नको, फोटो काढतो" म्हणा. आमच्या कामात आम्हाला जे मिळतं ते बहुतेक मॅनेजरकडूनच मिळतं.

इतकं करूनही कोणी हलत नसेल तर माहितीचा अधिकार, म्हणजे आरटीआय, आहे. इथे अनेकांची गफलत होते. सोसायटीला आरटीआय लावता येत नाही. सहकारी संस्था निव्वळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. पण सोसायटीने महापालिकेला दिलेले कागद महापालिकेच्या ताब्यात आहेत, ते मागता येतात. तुमच्यासाठी अर्ज ठाणे महापालिकेच्या अग्निशमन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. नवी मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी सांगते, आपण कोणाच्या हद्दीत आहोत ते आधी बघा: दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे २०१६ला झालेल्या पनवेल महापालिकेत, उलवे, द्रोणागिरीकडे सिडको. चुकीच्या ऑफिसात टाकलेला अर्ज पुढे पाठवला जातो, पण त्यात दिवस जातात.

अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, तेव्हा आईंच्या गुडघ्यांची हकिकत लिहू नका. "इमारत सुरक्षित आहे का?" असंही विचारू नका, कारण अधिकारी नोंदीतली माहिती देतो, स्वतःचं मत देत नाही. कागदाचं नाव घेऊन प्रत मागा: अंतिम फायर एनओसी, मागच्या दोन वर्षांत सादर झालेले फॉर्म बी, आणि त्या काळातले तपासणी अहवाल व नोटिसा. या तीन गोष्टी पुरे.

एक खाचखळगा सांगून ठेवते. महापालिकेतली फाइल पुष्कळदा सोसायटीच्या नावाने नसते. एनओसी बिल्डरला दिलेली असते, त्यावर प्रकल्पाचं नाव आणि सर्व्हे नंबर असतो. सोसायटी नंतर वेगळ्याच नावाने नोंदली जाते. अर्जात फक्त सोसायटीचं नाव घातलंत तर "सदर नावाने नोंद आढळून येत नाही" असं उत्तर येतं आणि माणूस उगाच हादरतो. बिल्डरचं नाव, प्रकल्पाचं जुनं नाव, सर्व्हे नंबर, विंग, जे जे मिळेल ते द्या. प्रकल्प २०१७ नंतरचा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर यातलं बरंच सापडतं. आणि ही सगळी ओळख नीट देऊनही "फॉर्म बी प्राप्त नाही" असं उत्तर आलं, तर तेच तुमचं उत्तर. सोसायटीने भरलेलाच नाही.

मालक नाराज होईल, पुढे करार वाढवणार नाही, अशी धास्ती तुम्ही लिहिलीय. ती खोटी नाही, मी अशी उदाहरणं ऐकलीत. पण आरटीआयच्या अर्जात कारण द्यावं लागत नाही, आणि अर्जदार त्या इमारतीत राहणारा असावा अशी अटही नाही. तुमचा डोंबिवलीचा मावसभाऊसुद्धा हा अर्ज करू शकतो.

समजा कागद हातात आला. आता तो वाचायचा. पहिलं, तारीख आणि सहामाही. फ्रेम करून लॉबीत लावलेला फॉर्म बी तीन वर्षांपूर्वीचा निघाला, हे मी स्वतः पाहिलंय. दुसरं, विंग. चार विंगच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रमाणपत्र "ए आणि बी"चं असतं, आणि भाडेकरू राहतो डीमध्ये. तिसरं, एजन्सीचा परवाना क्रमांक आणि त्याची मुदत. परवानाधारक एजन्सींची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते, नाव ताडून पाहा. चौथं, यंत्रणांची यादी. एनओसीमध्ये स्प्रिंकलर आणि फायर अलार्म लिहिलेत, आणि फॉर्म बीमध्ये फक्त हायड्रंट (आगीसाठी पाणी घ्यायचा नळ) आणि सिलिंडर, तर बाकीच्यांचं काय झालं हे विचारायला जागा आहे. म्हणूनच मी अंतिम एनओसी आणि फॉर्म बी एकत्र मागा म्हणते. एकटा फॉर्म बी पाहून काय गाळलंय ते कळत नाही.

आणि आता आमच्या धंद्यातली गोष्ट. फॉर्म बी म्हणजे तपासणीच्या दिवशी यंत्रणा चालत होती, एवढाच अर्थ. जुलैत सही झाली आणि ऑगस्टमध्ये कोणी पंप बंद केला तर कागद तसाच हिरवागार राहतो. शिवाय सगळ्या एजन्सी सारख्या नाहीत. दर पाडून घेणाऱ्या कमिटीला खुर्चीत बसून सही करणाराही कोणीतरी भेटतोच. त्यामुळे कागदाइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त माहिती तुमच्या स्वतःच्या जिन्यात आहे. ती पाहायला ना मालकाची सही लागते ना आरटीआय. रविवारी सकाळी अर्धा तास काढा आणि १४व्या मजल्यावरून खाली पायी उतरा.

दाराबाहेर पडलात की जिन्याचं दार बघा. तुमच्या उंचीच्या इमारतीत जिन्याला फायर डोअर असायला हवं: जड, आपोआप बंद होणारं. ते सोडून दिल्यावर चौकटीत जाऊन बसतं का? बहुतेक ठिकाणी दार ओढून बंद करणारा वरचा क्लोजर निघालेला असतो, किंवा दार धडधडतं म्हणून कोणीतरी कुंडीने अडवून ठेवलेलं असतं. हे किरकोळ वाटतं, पण आगीपेक्षा धूर आधी मारतो, आणि दार उघडं राहिलं की जिना धुराची चिमणी होतो. मग वरचे सगळे मजले अडकतात. तुमच्या आईंसाठी या इमारतीतली सर्वात महत्त्वाची वस्तू कुठली म्हणाल तर मी पंपाआधी या दाराचं नाव घेईन.

मजल्यावरच्या लाल पेटीत, म्हणजे होज बॉक्समध्ये, काचेतून डोकवा. गुंडाळलेला पाइप दिसेल. त्याच्या टोकाला लावायची धातूची नळी, ब्रँच पाइप, आहे का बघा. ती गनमेटलची असते, भंगारात भाव चांगला येतो, म्हणून ती सगळ्यात आधी गायब होते. नव्या टॉवरमध्ये ताबा मिळून वर्ष व्हायच्या आत बारा मजल्यांच्या नळ्या गेलेल्या मी पाहिल्यात. पाइप असतो, नळी नसते, आणि पेटीला बाहेरून रंग मारून चकाचक केलेलं असतं. शेजारी सिलिंडर असेल तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि स्टिकरवर पुढच्या सर्व्हिसची तारीख काय आहे, तेही बघून घ्या.

इलेक्ट्रिक डक्टचं दार उघडून पाहा, पण आत हात घालू नका. तिथे केरसुण्या, रद्दी, जुने बूट, रंगाचे डबे सापडतात. इमारतभर वीज नेणाऱ्या केबल त्याच डक्टमधून वर जातात आणि आपण तिथेच रद्दी रचतो. प्रत्येक मजल्यावर डक्टचं छिद्र बंद केलेलं असायला हवं. वरच्या मजल्यावरचा उजेड दिसत असेल तर ते उघडं आहे.

रेफ्यूज एरिया कुठल्या मजल्यावर आहे ते शोधा. २४ मीटरहून उंच इमारतीत ठराविक मजल्यांवर अशी मोकळी जागा सोडलेली असते. उतरणं शक्य नसलेल्या माणसाने तिथे थांबायचं, म्हणजे जवान तिथवर पोहोचतात. तुमच्या आईंसाठी ही जागा आहे. ती कुलूपबंद आहे का, तिथे गणपतीच्या मखराचं सामान, फुटक्या खुर्च्या, कोणाचं तरी कपाट ठेवलंय का, हे पाहून फोटो काढा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? "वॉचमनकडे" हे उत्तर चालत नाही. आगीच्या वेळी वॉचमन खाली गेटवर असतो. गच्चीच्या दाराचंही तसंच.

खाली पोहोचलात की पंप रूम. आत जाऊ देत नसतील तर दारातून दिसलं तरी पुरे. पॅनलवर पंपाचा स्विच "ऑटो"वर आहे की "मॅन्युअल"वर? तो ऑटोवरच हवा. मॅन्युअलवर का जातो तेही सांगते, म्हणजे वॉचमनवर राग काढणार नाही. लाइनला कुठेतरी बारीक गळती असते, दाब सारखा उतरतो, जॉकी नावाचा छोटा पंप दर थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. रात्री दोनला पहिल्या मजल्यावरच्यांची झोप मोडते, ते खाली फोन करतात, वॉचमन बिचारा स्विच फिरवून मोकळा होतो. गळती तशीच, आणि इमारत पंपाविना. डिझेल पंप असेल तर त्याची बॅटरी उतरलेली असणं ही नेहमीची गोष्ट. लाइनवरचा दाबाचा काटा शून्यावर असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, त्या दिवशी त्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी पोहोचणार नाही. अलार्मचं पॅनल सिक्युरिटी केबिनमध्ये असतं. त्यावर लाल-पिवळा दिवा लागलेला आणि भोंगा "सायलेन्स" केलेला आढळला, तर त्याचंही कारण विचारा.

हे सगळं फोटोंसकट एका साध्या ईमेलमध्ये मालकाला पाठवा आणि प्रत सोसायटीला. आरोप करू नका. "१४व्या मजल्यावर ब्रँच पाइप नाही, रेफ्यूजला कुलूप आहे, पंप मॅन्युअलवर दिसला, कृपया पाहून घ्यावं." माझा अनुभव असा, की फॉर्म बी मागणाऱ्या भाडेकरूला कमिटी टाळते, पण फोटोसह तीन नेमक्या त्रुटी कळवणाऱ्याला टाळायला घाबरते, कारण आता त्यांना माहीत होतं हे लेखी झालं. तरी हललेच नाहीत तर तेच फोटो अग्निशमन विभागाला लेखी तक्रारीसोबत द्या. तपासणी करून नोटीस काढायचे अधिकार त्यांच्याकडे आहेत.

घराच्या आतलं मात्र सोसायटीला विचारण्यात अर्थ नाही, तो मालकाचा प्रांत. त्याला विचारा: वायरिंग शेवटचं कधी बदललं? एसीसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढलीय की खोलीच्या प्लगवरच चालतो? आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? असेल तर त्यावरचं "टेस्ट"चं बटण दाबून बघा, लगेच ट्रिप झाला पाहिजे. इंटिरियर करताना फॉल्स सीलिंगमध्ये स्प्रिंकलर किंवा धूर ओळखणारं उपकरण झाकलं गेलंय का? भाड्याच्या सजवलेल्या घरांत हे हमखास घडतं. बाल्कनीला बंद ग्रिल असेल तर त्यात उघडणारी खिडकी आहे का आणि तिचं कुलूप गंजलंय का? पाइपचा गॅस असेल तर मुख्य कॉक घरात सगळ्यांना ठाऊक हवा, आईंनासुद्धा.

आता आईंचं. आग तुमच्याच घरात असेल तर सगळ्यांनी बाहेर, दार मागे ओढून घ्या, लिफ्ट नाही. आईंना मजबूत हातांच्या खुर्चीत बसवून दोघांनी एक मजला उतरवून पाहा, आजच, उजेडात. किती दमछाक होते ते कळलं की कोणाची मदत लागेल तेही कळेल. समोरच्या फ्लॅटमधल्यांना आधीच सांगून ठेवा. आग वेगळ्या मजल्यावर असेल आणि जिन्यात धूर भरला असेल, तर त्यांना घेऊन धुरात उतरू नका. घरात थांबा, मुख्य दाराच्या फटी ओल्या टॉवेलने बुजवा, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जा, आणि १०१ किंवा ११२ ला इमारत, विंग, मजला आणि "चालू न शकणारी वृद्ध व्यक्ती आहे" हे सांगा. जिना मोकळा असेल तर रेफ्यूज गाठा. कुठला पर्याय घ्यायचा हे धूर कुठे आहे यावर ठरतं. रोजच्या शिफ्टच्या सिक्युरिटी सुपरवायझरकडे "१४व्या मजल्यावर आजी आहेत" अशी नोंद करून ठेवा. जवान आले की पहिला प्रश्न तोच विचारतात, वर कोण अडकलंय.

हे सगळं तुमच्या टॉवरला धरून लिहिलं. इमारत बदलली की उत्तर बदलतं. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतीत यातलं पंप, हायड्रंट बहुधा सापडणारच नाही, कारण उंच इमारतीचे नियम १५ मीटरपासून लागू होतात. तिथे फॉर्म बीच्या मागे लागण्याऐवजी जिन्यातली मीटरची जुनाट पेटी आणि सर्व बाजूंनी ठोकलेले ग्रिल बघावेत. घणसोली, तळवली, कोपरखैरणे गावातल्या गरजेपोटी वाढवलेल्या इमारती, किंवा दिवा-मुंब्र्यातल्या परवानगीविना उभ्या राहिलेल्या, यांच्याकडे भोगवटा प्रमाणपत्रच नसतं, मग फायर एनओसी कुठली? तिथे कागद मागत बसू नका. गल्लीत गाडी शिरते का, जिना एकच आहे का, तळमजल्यावर गाळ्यात काय साठवलंय, एवढं पाहून घर घ्यायचं की नाही ते ठरवा. भाडं कमी असतं म्हणून माणसं तिथे राहतात, त्यांना "राहू नका" म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. पण मजला निवडता येत असेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलंय, घर सोडू का. कागद अपुरे, पण जिना मोकळा, दारं बंद होणारी, पंप ऑटोवर, आणि त्रुटी सांगितल्यावर मॅनेजर हलतो, अशा इमारतीत मी राहीन आणि पाठपुरावा करीन. कागद चोख, पण रेफ्यूजला कुलूप आणि सांगूनही महिनाभर ते निघत नाही, तिथून मी आईंना घेऊन बाहेर पडेन. आणि इमारत कशीही असली तरी त्यांचे गुडघे पाहता याच कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर काही मिळतं का ते एजंटला आत्ताच विचारून ठेवा.

तिथे गेलात किंवा इथेच करार वाढवलात, तरी नोंदणीआधी मसुद्यात एवढं घालून घ्या: "इमारतीच्या चालू फॉर्म बीची प्रत मालक करारासोबत देईल व पुढील प्रत्येक सहामाहीची प्रत उपलब्ध झाल्यापासून पंधरा दिवसांत देईल. घरातील वायरिंग व गॅस जोडणीतील दोष कळवल्यास दुरुस्ती मालक स्वखर्चाने करेल." एजंट म्हणेल, असं कोणी घालत नाही. मसुदा कॉम्प्युटरवर असतो, दोन ओळी वाढवायला त्याला वेळ लागत नाही.